ओस पडलेली मुख्य बाजारपेठ पुन्हा कशी उभी करायची: मध्यम आकाराच्या शहरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

शहराच्या मधोमध असलेली जुनी पेठ ओस पडू लागली की पहिला प्रस्ताव येतो तो सुशोभीकरणाचा. नवी फरशी, नक्षीदार दिवे, कमान, कारंजं. उद्घाटन होतं, फोटो निघतात, आणि दोन वर्षांनी त्याच फरशीवर तीच बंद शटर्स दिसतात. कारण पेठ फरशी जुनी झाल्यामुळे बंद पडलेली नसते. दारावरून जाणारी माणसं, त्यातून होणारी विक्री आणि गाळ्याचं भाडं या तिघांचं गणित तुटलेलं असतं. ते जुळवायचं काम रोजचं आणि चिवट आहे, आणि त्याला एक क्रम आहे. हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे. नगरपालिकेतले अधिकारी, नगरसेवक, व्यापारी संघटना आणि गाळेमालक यांपैकी कोणीही सुरुवात करू शकतं, पण पायऱ्या गाळून चालत नाहीत.

१. आधी हद्द आखा, आणि ती लहान ठेवा

माणूस पाच मिनिटांत साधारण ४०० मीटर चालतो. पहिल्या टप्प्याची हद्द त्याहून लांब नको. त्यातही सुरुवातीचे प्रयत्न दोन-तीन चौकांमधल्या सलग पट्ट्यावर केंद्रित करा. तीस नवी दुकानं दोन किलोमीटरवर विखुरली तर कोणाला काही बदललंय असं जाणवतच नाही. तीच तीस दोनशे मीटरमध्ये आली तर पेठ जिवंत वाटते आणि शेजारचा मालक आपणहून चौकशीला येतो.

पट्टा निवडताना सर्वांत मोडकळीला आलेला भाग घेऊ नका. जिथे अजून थोडी वर्दळ आहे, दोन-चार चांगली दुकानं टिकून आहेत, त्याला लागून सुरुवात करा आणि तिथून बाहेर सरका. ‘सगळ्या प्रभागांना समान’ या न्यायाने निधी वाटला की हा टप्पा इथेच फसतो.

२. मोजणी: आराखड्याच्या आधी आकडे

तीन नोंदी लागतात, आणि त्या कंत्राटदाराकडून न करून घेता स्थानिक माणसांनी कराव्यात. मोजताना बरंच काही कळतं.

पहिली गाळ्यांची नोंदवही. प्रत्येक गाळ्याची दर्शनी रुंदी, खोली, मजले, वर जायला स्वतंत्र जिना आहे का, स्वच्छतागृह, विजेच्या जोडणीची क्षमता, मालक कोण, शेवटचा भाडेकरू कोण, कधी गेला, का गेला, आणि मालक सध्या किती भाडं मागतो. ‘रिकामा’ असा एकच शेरा मारू नका. भाड्याने मिळू शकणारा, मालकाने मुद्दाम कुलूप लावलेला, आणि गोदाम म्हणून वापरात असलेला, हे तीन वेगळे प्रकार आहेत आणि तिघांवरचे उपाय वेगळे. बहुतेक ठिकाणी ही वही पूर्ण झाली की एक गोष्ट समोर येते: बंद गाळे पुष्कळ, पण उद्या भाड्याने घेता येतील असे मोजकेच.

दुसरी पादचाऱ्यांची मोजणी. ठरलेल्या जागी, रस्त्यावर एक काल्पनिक रेषा धरून, दोन्ही दिशांनी ती ओलांडणारी माणसं मोजायची. सकाळपासून रात्री दुकानं बंद होईपर्यंत दर तासाला १० मिनिटं मोजा आणि सहाने गुणा. दोन साधे दिवस आणि एक सुट्टीचा दिवस घ्या. सणाचा किंवा पावसाचा दिवस टाळा. स्त्रिया, मुलं आणि वृद्ध यांची नोंद वेगळी ठेवा. संध्याकाळी स्त्रियांचं प्रमाण एकदम घटत असेल तर ती जागा असुरक्षित वाटते, एवढं समजायला वेगळं सर्वेक्षण लागत नाही. शिवाय तासातून एकदा पूर्ण पट्टा चालत जाऊन कोण कुठे थांबलंय, बसलंय, बोलतंय ते नकाशावर टिंबांनी दाखवा. नुसती ये-जा करणारी माणसं आणि रेंगाळणारी माणसं यांत पेठेच्या दृष्टीने मोठा फरक आहे.

तिसरी पार्किंगची. किती जागा आहेत, तासातासाला किती भरतात, आणि एकच गाडी किती वेळ उभी राहते. गाड्यांच्या क्रमांकांचे शेवटचे चार आकडे दर तासाला टिपले की पुरतं. दुकानांसमोरच्या जागा दिवसभर अडवणाऱ्या गाड्यांमध्ये दुकानदारांच्या आणि त्यांच्या नोकरांच्या गाड्या किती, हा आकडा व्यापारी संघटनेच्या बैठकीत मांडण्यासाठी हाताशी ठेवा. ‘पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक नाही’ या तक्रारीचं अर्धं उत्तर अनेकदा तिथेच असतं.

या आकड्यांवरून गणित मांडता येतं. समजा दारावरून दिवसाला २,००० माणसं जातात, शंभरातली तीन आत येतात आणि त्यांतली निम्मी खरेदी करतात. म्हणजे ३० बिलं. सरासरी बिलाला या तीसने गुणलं की दिवसाची विक्री मिळते; तिला दुकान उघडं असण्याच्या दिवसांनी गुणून महिन्याची विक्री काढा आणि तिच्याशेजारी मागितलेलं महिन्याचं भाडं ठेवा. किरकोळ दुकानाचं भाडं विक्रीच्या दहा टक्क्यांच्या वर गेलं की बहुतेक धंद्यांना श्वास घेता येत नाही. किराण्यासारख्या कमी नफ्याच्या धंद्यात ही मर्यादा आणखी खाली असते. हे साधं कोष्टक मालकासमोर ठेवलं की भाड्याची चर्चा भावनेवरून आकड्यांवर येते.

३. एक पूर्णवेळ माणूस नेमा

अमेरिकेत नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या संस्थेने १९७७ मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन लहान शहरांत प्रयोग सुरू केला. प्रत्येक शहरात जुन्या पेठेसाठी एक पूर्णवेळ व्यवस्थापक नेमला. त्यातून १९८० मध्ये ‘मेन स्ट्रीट’ कार्यक्रम उभा राहिला. संघटन, प्रसिद्धी, रचना आणि आर्थिक बळकटी ही त्याची चार अंगं. चारही अंगांवर एकाच वेळी काम हवं, हा त्यातला खरा आग्रह. नुसती रचना सुधारून किंवा नुसते उत्सव भरवून पेठ उठत नाही.

हा व्यवस्थापक पेठेतच बसला पाहिजे, शक्यतो एखाद्या रिकाम्या गाळ्यात. त्याचं काम ठरलेलं: गाळ्यांची वही ताजी ठेवणं, मालकांना भेटणं, नव्या धंदेवाल्याला गाळा आणि परवाने यांत मदत करणं, सफाई आणि दिव्यांच्या तक्रारी त्याच दिवशी संबंधित विभागाकडे पोचवणं. त्याला बांधकाम विभागाच्या हाताखाली दिलं तर तो निविदांमध्ये बुडतो. एखाद्या अधिकाऱ्याकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून दिलं तर काम होतच नाही. निवडताना पदवीपेक्षा धंदा समजतो का आणि माणसं त्याच्याशी मोकळं बोलतात का, हे पाहा.

पगार आणि रोजचा खर्च कुठून? वर्गणीवर हे चालत नाही, कारण फायदा सगळ्यांना होतो आणि वर्गणी मोजकेच देतात. टोरंटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज भागातल्या व्यापाऱ्यांनी १९७० मध्ये यावर उत्तर काढलं. भुयारी रेल्वे आली, मॉल उघडले, रस्त्यावरचं गिऱ्हाईक घटलं. तेव्हा हद्दीतल्या प्रत्येक धंद्यावर सक्तीची अल्प आकारणी बसवायची, ती शहर प्रशासनाने करासोबत वसूल करायची आणि पूर्ण रक्कम व्यापाऱ्यांच्याच मंडळाला द्यायची अशी व्यवस्था झाली. पुढे जगभर पसरलेल्या व्यापारी सुधारणा क्षेत्रांचं हे पहिलं उदाहरण. तुमच्याकडच्या कायद्यात असं करता येत असेल तर तीन अटी लिहून घ्या. आकारणीला मतदानाने मान्यता हवी. मुदत पाच वर्षांसारखी मर्यादित हवी, म्हणजे मंडळाला पुन्हा मत मागायला जावं लागेल. आणि नगरपालिका आज सफाई, दिवे, सुरक्षेवर जेवढं करते तेवढं करतच राहील, याचा लेखी करार हवा. ही तिसरी अट राहिली तर पालिका हळूहळू हात काढून घेते आणि व्यापारी दुप्पट पैसे मोजतात.

४. रिकामा गाळा: खरी लढाई इथे आहे

गाळा वर्षानुवर्षं बंद ठेवणाऱ्या मालकाला हटवादी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. पण प्रत्येक कुलपामागे कारण असतं, आणि ते कळल्याशिवाय उपाय लागू पडत नाही.

इमारत भाड्याच्या उत्पन्नावर कर्जासाठी तारण असेल तर तिची किंमत त्या भाड्यावरून काढली जाते. परताव्याचा दर (किमतीच्या तुलनेत वर्षाचं भाडं) तोच धरला तर भाडं एक तृतीयांशाने उतरताच कागदावरची किंमतही एक तृतीयांशाने उतरते. मग मालक कमी भाड्याचा करार करण्यापेक्षा जुन्या दराची पाटी लावून गाळा बंद ठेवतो. अशा मालकाला ‘भाडं कमी करा’ म्हणू नका. करारातला दर तोच ठेवून पहिले काही महिने भाडेमाफी, किंवा भाडेकरूने केलेल्या दुरुस्तीची भाड्यातून वजावट, असा मार्ग सुचवा. मूळ भाडं कमी आणि विक्री ठरावीक आकड्यावर गेली तर वरच्या विक्रीवर टक्केवारी, ही रचनाही बऱ्याच मालकांना पटते, कारण पेठ सुधारली तर त्यांचाही वाटा वाढतो.

वारसांचा वाद असेल तर मालकीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. सर्वांच्या सह्यांनी मर्यादित काळाच्या वापर परवान्याला संमती घ्या आणि रक्कम सामाईक खात्यात जमा होऊ द्या. मोठा प्रकल्प येईल म्हणून थांबलेला मालक मात्र फुकट थांबू शकतो तोवर थांबतोच. तिथे रिकाम्या गाळ्यांची सक्तीची नोंदणी आणि वर्षागणिक वाढणारं शुल्क हवं. बंद मालमत्तेवर करसवलत असेल तर ती आधी काढा. सवलत देऊन कुलपं उघडत नाहीत.

‘भाडेकरू एकदा आत आला की निघत नाही’ ही भीती सर्वांत व्यापक आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये २००८ मध्ये ‘रिन्यू न्यूकॅसल’ या संस्थेने तिच्यावर तोडगा काढला. मालकाशी भाडेकरार न करता वापराचा परवाना घेतला, तो ३० दिवसांच्या मुदतीने पुढे चालू राहणारा. मालकाला खरा भाडेकरू मिळाला की गाळा परत. संस्थेने असे गाळे कलावंत, कारागीर आणि नवख्या उद्योजकांना दिले. असा परवाना लिहिताना पुढच्या गोष्टी सुटू देऊ नका:

- परवानाधारक मालकाचा थेट भाडेकरू नाही. मधली संस्था जबाबदार.
- विमा, वीज-पाणी बिल आणि किरकोळ दुरुस्ती कोणाकडे, हे नावानिशी.
- ताबा देताना आणि घेताना छायाचित्रांसह स्थितीपत्रक.
- किती तास आणि कोणते दिवस दुकान उघडं राहील, याची किमान अट. आठवड्यातून दोन दुपारी उघडणारं दुकान बंद दुकानापेक्षा फारसं बरं नसतं.
- भिंती, वायरिंग किंवा दर्शनी भागाला हात लावण्यापूर्वी लेखी परवानगी.

एक धोका आधीच सांगितलेला बरा. तात्पुरता वापर म्हणजे धंदा मांडून पाहायची संधी. सहा ते बारा महिन्यांत ज्यांचा जम बसला त्यांना पायरी-पायरीने वाढणाऱ्या भाड्यावर कायम करारात आणलं नाही, तर रस्ता कायमच प्रयोगशाळा राहतो.

गाळ्याचा आकार हाही अडसर असतो. एकाच मोठ्या दुकानासाठी बांधलेला, पंचवीस मीटर खोल गाळा आज कोणाला परवडत नाही. पुढचा आठ-दहा मीटरचा भाग लहान दुकानांना आणि मागचा कार्यशाळेला किंवा साठवणीला, अशी विभागणी करा. मागच्या बाजूने स्वतंत्र दार, सामाईक स्वच्छतागृह आणि वेगळे वीजमीटर यांचा खर्च आधी काढा. बहुतेक विभाजनं याच तीन गोष्टींवर अडतात.

कोणता धंदा आणायचा? मोठ्या साखळी दुकानामागे धावण्यात पहिली दोन वर्षं घालवू नका. ती कंपनी पादचाऱ्यांचे आकडे पाहून येते, आणि तुमच्याकडे आज ते नाहीत. आधी पेठेतल्या चालू दुकानदारांना विचारा: जागा वाढवायची आहे का, दुसरी शाखा काढायची आहे का, वारस नसल्याने दुकान बंद होणार आहे का. चालू धंदा टिकवणं नवा आणण्यापेक्षा स्वस्त पडतं. त्यानंतर घरून विकणारे, आठवडी बाजारात बसणारे, ऑनलाइन ऑर्डरवर चालणारे. टपरी, मग सामाईक गाळ्यातली जागा, मग स्वतःचा गाळा, अशी चढण त्यांना मिळाली पाहिजे. आणि दवाखाना, टपाल, वाचनालय, नगरपालिकेचा सेवा विभाग पेठेतून बाहेर जाऊ देऊ नका. अशा कार्यालयात येणारी माणसं आयतं गिऱ्हाईक असतात. प्रशस्त जागेच्या मोहाने ती वेशीबाहेर हलवली की पेठेची वर्दळ पालिकेनेच काढून घेतल्यासारखं होतं.

५. दर्शनी भाग

सावकाश चालणाऱ्या माणसासमोर दर चार-पाच सेकंदांनी काही नवं आलं तर तो पुढे चालत राहतो. म्हणजे साधारण पाच-सहा मीटर रुंदीचे गाळे, दर शंभर मीटरला पंधरा-वीस दारं. लांबच लांब कोऱ्या भिंती, काळ्या काचा आणि पत्र्याची बंद शटर्स ही साखळी तोडतात. जाळीचं शटर, आत मंद दिवा आणि फुटपाथच्या दिशेने काटकोनात लावलेली छोटी पाटी यांनी रात्रीचा रस्ता बदलतो, आणि खर्च तुलनेने किरकोळ असतो.

दर्शनी भागासाठी अनुदान देताना निम्मा खर्च मालकाचा ठेवा, पैसे काम पूर्ण झाल्यावर पावत्या पाहून द्या, आणि एकट्या-दुकट्या इमारतीपेक्षा सलग चार-पाच दुकानांच्या एकत्रित अर्जाला प्राधान्य द्या. बंद गाळ्याला अनुदान द्यायचं तर आधी भाडेकरूचा करार दाखवायला लावा. एरवी सार्वजनिक पैशातून रंगवलेली कुलुपबंद इमारत उरते.

६. रस्ता, गाड्या आणि फुटपाथ

पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांचा नियम सोपा आहे: रस्त्यावरच्या साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या आणि थोड्या कायम रिकाम्या राहतील इतकं शुल्क ठेवा. सगळ्या जागा भरल्या तर गाड्या घिरट्या घालतात. निम्म्या रिकाम्या राहिल्या तर शुल्क जास्त आहे. जमणारा पैसा त्याच रस्त्याच्या सफाईवर आणि दिव्यांवर खर्च झाला तरच दुकानदार हे शुल्क मान्य करतात. नोकरांच्या गाड्यांसाठी पाच मिनिटांवर स्वस्त जागा द्या, मगच दुकानांसमोर वेळेची मर्यादा लावा.

फुटपाथवर खांब, कुंड्या, पायऱ्या वगळून किमान १.८ मीटर मोकळी वाट हवी. दोन व्हीलचेअर तेवढ्यात एकमेकींना ओलांडू शकतात. कमी वेगाच्या पेठेत गाड्यांच्या मार्गिकेला तीन मीटर पुरतात, उरलेली रुंदी माणसांना द्या.

रस्ता वाहनांना पूर्ण बंद करायचा का? अमेरिकेतल्या कलमझूने १९५९ मध्ये तसं केलं. अनेक शहरांनी नक्कल केली, आणि त्यांतल्या बहुतेकांनी पुढे रस्ते पुन्हा खुले केले. खुद्द कलमझूने १९९८ मध्ये काही भाग खुला केला. उलट स्पेनमधलं सुमारे ८० हजार वस्तीचं पोन्तेवेद्रा १९९९ पासून जवळपास अख्खं मध्यवर्ती शहर चालणाऱ्यांना देऊन बसलं आहे आणि ते टिकलं आहे. तिथे माणसं मध्यभागातच राहतात, मालवाहू गाड्या आणि रहिवाशांना वाट आहे, आणि कडेला मोफत पार्किंग आहे. कोपनहेगनचा स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता १९६२ मध्ये वाहनांना बंद झाला, पण बाकीचे रस्ते आणि चौक दशकानुदशकं एकेक करत जोडले गेले. जिथे राहणारी वस्ती नाही आणि दुकानं आधीच निम्मी बंद आहेत, तिथे गाड्या काढल्या तर उरलेली वर्दळही जाते. म्हणून आधी सुट्टीच्या दिवशी बंद ठेवून पाहा, मग रंग, कुंड्या आणि हलवता येणारी बाकं वापरून तीन-चार महिने, मोजणी चालू ठेवून. पक्कं काम त्यानंतर.

पक्कं काम काढलं तर जमिनीखालच्या सर्व वाहिन्या आधी बदला. नवी फरशी सहा महिन्यांत गटारासाठी उखडली गेली की लोकांचा विश्वास त्या खड्ड्यात जातो. एका वेळी एकाच चौकापुरतं खणा, प्रत्येक दुकानाच्या दारापर्यंत पक्की तात्पुरती वाट ठेवा, आणि विलंबाचा दंड निविदेतच घाला. अशक्त दुकानं कामाच्या काळातच कायमची बंद होतात.

७. वरचे मजले

रात्री आठनंतर पेठ मेलेली का असते, याचं उत्तर मान वर करून पाहिलं की मिळतं: वरचे मजले अंधारात. जिथे माणसं राहतात तिथे पहाटे दूध-ब्रेडचं दुकान आणि रात्री औषधाचं दुकान चालतं. पण अनेक इमारतींत खालचा गाळा रुंद करायला जिनाच काढून टाकलेला असतो. शेजारच्या दोन-तीन इमारतींना मागून एक सामाईक जिना देणं हा बहुधा सर्वांत स्वस्त उपाय. आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट, मजल्यांमधलं अग्निरोधन, सांडपाण्याचा उभा पाइप आणि खालच्या दुकानाचा आवाज या चार गोष्टी अभियंत्याकडून आधी तपासा. नव्या इमारतींचे नियम जुन्या इमारतीला जसेच्या तसे लावले तर प्रकल्प कागदावरच मरतो. सुरक्षेला धक्का न लावता पर्यायी उपाय मान्य करणारी तरतूद नियमावलीत करून घ्या. फ्रान्सने २०१८ मध्ये दोनशेहून अधिक मध्यम शहरांसाठी ‘आक्सियों कर द व्हिल’ कार्यक्रम सुरू केला, तेव्हा व्यापाराच्या जोडीला मध्यवर्ती भागातल्या घरांची दुरुस्ती त्याच्या केंद्रस्थानी ठेवली.

८. कार्यक्रम

वर्षातून एक भव्य महोत्सव करण्यापेक्षा दर आठवड्याला ठरलेल्या संध्याकाळी लहान कार्यक्रम ठेवा. सवय लागते ती नेमाने. स्टॉल दुकानांची दारं झाकणार नाहीत अशा रीतीने, रस्त्याच्या मध्यावर पाठीला पाठ लावून मांडा. त्या संध्याकाळी दुकानं उघडी नसतील तर कार्यक्रम रद्द करा.

९. पेठ उठली की भाडं उठतं

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या ग्रीनव्हिल शहराने १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुख्य रस्ता चार मार्गिकांवरून दोनवर आणून झाडं लावली. नदीकाठचं फॉल्स पार्क २००४ मध्ये पूर्ण झालं. या कामाची कालमर्यादा अशी दशकांची असते. पण भाडेवाढीची तयारी पहिल्याच वर्षी करावी लागते, कारण जे दुकानदार वाईट काळात आले तेच पहिल्या तेजीत बाहेर ढकलले जातात. पेठ स्वस्त असतानाच मंडळाने किंवा पालिकेने मोक्याच्या कोपऱ्यावरच्या दोन-तीन इमारती विकत घ्याव्यात. अनुदान घेणाऱ्या मालकाकडून पाच ते सात वर्षं भाडेवाढीची मर्यादा लिहून घ्यावी. भाडेकरूंनी नूतनीकरणाचा हक्क पहिल्याच करारात मागावा; नंतर तो मिळत नाही.

मालकी विखुरलेली असेल तर जपानमधल्या ताकामात्सुच्या मारुगामेमाची या जुन्या बाजाररस्त्याची रचना अभ्यासण्यासारखी आहे. तिथल्या जमीनमालकांनी जमीन न विकता दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने सामाईक कंपनीच्या ताब्यात दिली. कोणता गाळा कोणाला द्यायचा हे ती कंपनी पूर्ण रस्त्याचा विचार करून ठरवते, आणि दुकानांच्या वर घरं बांधली गेली. अशा करारासाठी मालकांची संमती मिळवण्यात वर्षं जातात, म्हणून पहिल्या बैठकीची तारीख व्यवस्थापक रुजू होईल त्याच महिन्यात धरा.